मुजावर सरांचा उजवा कान

शर्यत संपली की मुजावर सर गुडघ्यांवर हात टेकून वाकायचे आणि उजवा कान पुढे करायचे. पळून आलेली पोरं धापा टाकत रांगेत उभी राहायची आणि एकेक जण पुढे होऊन त्या कानात काहीतरी पुटपुटायचा. सर मान हलवायचे, "बरं" म्हणायचे, की पुढचा यायचा. मी त्या शाळेत रुजू झाले त्याच आठवड्यात स्टाफरूमच्या खिडकीतून हे पाहिलं आणि मला वाटलं, या माणसाला ऐकू कमी येत असावं. शिपायाला विचारलं तर तो हसला. "ऐकू? आवं बाई, त्यांच्याएवढं या गावात कुणालाच येत न्हाई."

प्रकार असा होता. सरांच्या मैदानावर निकाल लागण्याआधी प्रत्येकानं आपली चूक सांगायची. वळणावर फक्कीच्या पांढऱ्या रेघेच्या आतून पळालो, शिट्टी व्हायच्या आत पाय उचलला, शेजारच्याला कोपर मारलं, असं काहीही. सर रागवत नसत, शिक्षा तर नाहीच. फक्त विचारत, "मग नंबर घेणार काय?" बहुतेक पोरं मान खाली घालून नाही म्हणत. दुसरा आलेला पोरगा यादीत सातवा कसा गेला, हे मग कुणी विचारायचं नाही. "कानात आलेलं तोंडात यायचं न्हाई," सर म्हणायचे. "पोरगं एकदा खरं बोललं आणि त्याचं चारचौघांत हसं झालं, तर पुन्यांदा ते कवाच खरं बोलणार न्हाई."

मी मूळची साताऱ्याची, विषय विज्ञान, आणि जीभ पहिल्यापासून तिखट. मी एकदा त्यांना म्हटलं, "सर, निम्म्या गावाची पापं साठली असतील त्या कानात. एकदा मिरजेला जाऊन डॉक्टरांना दाखवून या." सर शिट्टीची नाडी बोटाला गुंडाळत म्हणाले, "साठू द्या की, बाई. माझ्याबरुबर मातीत जातील." तेव्हा मी खूप हसले होते. ते हसू आता आठवलं की माझं मलाच नकोसं होतं.

कवठे महांकाळपासून वर पठाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची शाळा. एका बाजूला द्राक्षबागा आणि बेदाण्याची शेड, दुसऱ्या बाजूला पवनचक्क्या. मैदान मुरमाचं. वारा सुटला की पवनचक्क्यांचा घुमल्यासारखा आवाज वर्गापर्यंत यायचा आणि नवीन माणसाला दोन दिवस झोप लागायची नाही. या मैदानावर सरांनी पंचवीस वर्षं पोरं पळवली. बुटके, काटक, डोक्यावर उन्हासाठी पांढरी टोपी आणि पायात शिवून घेतलेले कॅनव्हासचे बूट. त्यांच्या हाताखालची किती पोरं फौजेत आणि पोलिसात गेली हे सरांना पाठ होतं, पण विचारल्याशिवाय ते सांगत नसत.

तालुक्याच्या स्पर्धेत एकदा पंचांनी फेऱ्या मोजताना चूक केली आणि आमच्या पोराला एक फेरी कमी पळूनच पहिला नंबर दिला. पोराला काही कळलं नव्हतं, ते हात वर करून नाचत होतं. सर सरळ पंचांच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले, "आमचा एक राउंड ऱ्हायलाय." पहिल्या नंबराची ढाल दुसऱ्या शाळेला गेली. आमचे हेडसर परतीच्या वाटेवर जीपमध्ये धुमसत होते. सर त्यांना शांतपणे म्हणाले, "हेडसर, ढाल कपाटात ठेवायची हाय. पोरगं आईबापाला घरात ठेवायचं हाय." मीही त्या जीपमध्ये होते, आणि ते वाक्य मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. माणूस भाबडा होता असं कुणी समजू नये. पोरांच्या लबाड्या त्यांना आपल्याआधी कळायच्या, फक्त त्या पोरानं स्वतः सांगाव्यात यासाठी ते थांबून राहायचे. या थांबण्यानंच पुढे घात केला.

संग्राम बारावीत होता. पंधराशे मीटर पळणारा त्याच्यासारखा मुलगा शाळेत त्याआधी झाला नव्हता. त्याच्या वडिलांना सगळं गाव आबा म्हणायचं. आबा तरुणपणी तीनदा फौजेच्या भरतीला गेले होते आणि तिन्ही वेळा छातीच्या मापात एक बोट कमी पडून परत आले होते. मुलगा पळायला लागल्यावर त्यांनी मिरजेहून एक स्टॉपवॉच आणलं. रोज सकाळी बागेत औषध मारायच्या आधी ते मैदानाच्या कडेला येऊन उभे राहत आणि संग्राम रेघ ओलांडून गेला की घड्याळ डोळ्यांजवळ नेत. वेळ कमी आली असेल तर आल्यागेल्या प्रत्येकाला दाखवत. मलाही दोनदा दाखवलं. जास्त आली असेल तर घड्याळ खिशात घालून, मुलाकडे न बघता निघून जात. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. त्या माणसाचं मुलावर जिवापाड प्रेम होतं, पण दाखवायची त्यांना तेवढी एकच रीत ठाऊक होती.

त्या वर्षी गणपती झाल्यावरची गोष्ट. सकाळचा सराव संपला, रांग लागली, सर वाकले. मी नववीच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन बाजूनं चालले होते. संग्राम पुढे झाला आणि सरांच्या कानाशी बोलू लागला. एरवी एका वाक्यात संपणारं काम संपेना. तो बोलतच होता. मागची पोरं चुळबुळ करायला लागली. शेवटी तो बाजूला झाला तेव्हा सर "बरं" म्हणाले नाहीत. ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग सरळ झाले, टोपी काढली, पुन्हा घातली आणि निकाल न सांगताच शाळेकडे चालू लागले. एक बारकं पोरगं मागून ओरडलं, "सर, नंबर?" सरांनी मागे पाहिलं नाही. दुपारी मी विचारलं, "काय झालं सकाळी?" ते म्हणाले, "कानातलं हाय ते, बाई." म्हणजे विषय संपला.

पुढचे पंधरा दिवस संग्राम हळू पळाला. आबांचं घड्याळ खिशात जाऊ लागलं. सर मात्र त्या दिवसांत खुशीत होते. संग्रामच्या खांद्यावर हात ठेवून त्याच्याबरोबर मैदानाला चक्कर मारायचे, आपल्या डब्यातली भाकरी त्याला द्यायचे. मला वाटलं, जे काही होतं ते मिटलं.

सरांची आणखी एक सवय होती. सराव चालू असताना ते मैदानाकडे पाठ करून, पवनचक्क्यांकडे तोंड करून उभे राहत आणि नुसत्या पावलांवरून मागे कोण पळतंय ते सांगत. "राणी, टाच टेकू नगंस. बाळ्या, बुटाची नाडी सुटली तुझी." पोरांना त्याचं भारी कौतुक. दसरा तोंडावर आला होता त्या आठवड्यात एका सकाळी ते असेच उभे होते. मागून एक मुलगा आला आणि वाऱ्यासारखा निघून गेला. सरांना नाव घेता आलं नाही. मग पहिल्यांदाच वळून त्यांनी पाहिलं. पुढे संग्राम चालला होता. कडेला आबा घड्याळ उंच धरून ओरडत होते, "वीस सेकंद! सर, वीस सेकंद कमी!"

"हा पाय संग्रामचा न्हाई," सर म्हणाले. माझ्याशी नाही, स्वतःशीच.

मीही काही पाहिलं नव्हतं असं नाही. त्याच आठवड्यात रसायनाच्या प्रात्यक्षिकात संग्रामच्या हातातली परीक्षानळी इतकी थरथरत होती की आम्ल टेबलावर सांडलं. ओठ कोरडे, डोळे तारवटलेले, पायाची एकसारखी हालचाल. मी विचारलं, "डबा खाल्लास का?" तो म्हणाला, "व्हय, मॅडम." मी टेबल पुसायला लावलं आणि पुढच्या गटाकडे गेले. मी विज्ञानाची शिक्षिका. मला एवढंच सुचलं.

विभागीय स्पर्धा साताऱ्याला होती. मुलींच्या संघाबरोबर बाई लागते म्हणून मी गेले होते. माझंच गाव, पण त्या दिवशी मला तिथं परकं वाटत होतं. मैदानावर पंधराशे मीटरचं नाव पुकारलं, पोरं छातीवर नंबर लावायला लागली, आणि सर शांतपणे संग्रामपाशी गेले. त्याच्या बनियनवरच्या चार टाचण्या त्यांनी एकेक करून काढल्या आणि नंबराचा कागद घडी करून खिशात घातला. मग पंचांना सांगितलं, "हा पळणार न्हाई." संग्राम नुसता खाली बघत होता, आणि मला अजून वाटतं, त्या क्षणी त्याला सुटल्यासारखं झालं होतं.

आबा कुंपणावरून उडी टाकून आत आले. "का? का पळणार न्हाई? कारण सांगा!"

"कारण हाय, आबा. मला सांगता येत न्हाई."

"सांगता येत न्हाई म्हंजे? चार वर्सं घासलंय त्यानं!" आबांचा आवाज सगळ्या मैदानाला ऐकू जात होता. "तुमाला आमच्या पोरांचं वर जाणं बघवत न्हाई. दुसरं काय?"

त्या 'आमच्या' शब्दावर आजूबाजूच्या चार माणसांनी माना वळवल्या. मुजावर सर पंचवीस वर्षं त्या पोरांना पळवत होते आणि त्यांना हे कधी कुणी ऐकवलं नव्हतं. मी मध्ये पडायला गेले, तर त्यांनी हातानंच मला थांबवलं. आबा मुलाचा दंड धरून त्याला घेऊन गेले. परतीच्या बसमध्ये मी सरांवर चिडले. "काय असेल ते त्यांच्या तोंडावर सांगून टाका ना. तुमचा नियम काय देवाचा आहे का?" सर खिडकीबाहेर बघत होते. कऱ्हाड मागे पडल्यावर कधीतरी म्हणाले, "त्यानं माझ्यावर इश्वास ठेवलाय, बाई. आज त्याला आडवलंय. उद्या तो सोता घरी सांगंल. मी त्याची वाट बघणार."

उद्या आलाच नाही. आबांनी मुलाला सरांच्या हाताखालून काढलं आणि इस्लामपूरकडच्या एका भरती अकादमीत घातलं. सर दोनदा त्याला भेटायला म्हणून तिथं गेले. फाटकावरच्यानं दोन्ही वेळा त्यांना परत पाठवलं, कारण आबांनी तसं सांगून ठेवलं होतं. मैदानावर सर पाठ करून उभे राहायचे खरे, पण आता पोरांची नावं घेत नसत. एक दिवस तर मला म्हणाले, "बाई, फोन वाजला की मी हातातलं टाकून हापिसाकडं पळतोय."

फोन आला तो शाळेच्या ऑफिसात, सकाळी साडेअकराला, आणि हेडसरांनी स्वतः माझ्या वर्गात येऊन सांगितलं. संग्राम अकादमीच्या मैदानावर शेवटच्या फेरीत कोसळला होता. मिरजेच्या दवाखान्यात हलवला होता. मी आणि सर त्यांच्या मोटारसायकलवरून निघालो. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात लांबच्या बाकावर बसल्यावर सरांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. आबा दहा पावलांवर भिंतीला टेकून उभे होते, म्हणून अगदी हलक्या आवाजात.

"इंजेक्शन घेत हुता. पळायच्या आधी. भरतीची पोरं घेत्यात तसलं. गणपती झाल्यावर मला कानात सांगितलं. सोडतो म्हणाला, आणि सोडलं बी हुतं त्यानं पंधरा दिवस." सरांनी तोंडावरून हात फिरवला. "म्हणाला, सर, आबांना सांगू नगा. घड्याळात टाइम कमी आला की ते दिवसभर माझ्यासंगं बोलत्यात. न्हाईतर दोन-दोन दिस बोलत न्हाईत."

एवढ्यात आतून एक तरुण डॉक्टर बाहेर आले आणि आबांना विचारू लागले, "तो काही घेत होता का? औषध, पावडर, इंजेक्शन? आम्हाला कळायला हवं, त्यावर उपचार ठरतील."

"न्हाई साहेब," आबा म्हणाले. "दूध, अंडी, बदाम. घरचं. दुसरं कायबी न्हाई. देवाशप्पत."

सर उठले. बाकापासून डॉक्टरांपर्यंत दहा पावलं असतील, पण तेवढं अंतर जाताना ते म्हातारे झाले असं मला दिसलं. त्यांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं, औषधाचं नाव संग्रामनं सांगितलं होतं तेही. डॉक्टर घाईनं आत गेले. आबा सरांकडे बघत राहिले.

"तुमाला ठाऊक हुतं?"

"व्हय."

"कवापासनं?"

"गणपती झाल्यापासनं."

आबांनी हात उचलला नाही, शिवी दिली नाही. ते खाली बसले, भिंतीला पाठ लावून, आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. मुलगा तिसऱ्या दिवशी दुपारी गेला. आणखी महिनाभर आधी कळलं असतं तर वाचला असता का, हे मी त्या डॉक्टरांना विचारलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

सरांनी त्यानंतर कान पुढे करणं बंद केलं. पहिल्या दिवशी पोरं सवयीनं रांगेत उभी राहिली, तेव्हा ते म्हणाले, "आजपासनं जे सांगायचं ते मोठ्यानं सांगायचं. माझ्या आदी घरी सांगायचं. मी चुकलोय. तुमच्या मैतराचं मी ऐकून घेतलं आणि गप बसलो. ही माझी चूक." पोरं एकमेकांकडे बघत उभी राहिली. मोठ्यानं सांगायला कुणीच पुढे आलं नाही. पुढेही फारसं कुणी आलं नाही. शर्यती होत राहिल्या, नंबर येत राहिले, आणि वळणावर आतून पळणारी पोरं वाढली.

दीड महिन्यानं, मधल्या सुट्टीनंतर, आबा शाळेत आले. वऱ्हांड्यात मी आणि सर क्रीडा साहित्याची यादी करत होतो. आबा सावकाश पायऱ्या चढले, टोपी हातात घेतली. माणूस निम्मा राहिला होता. मी उठून जायला लागले, तर ते म्हणाले, "बसा, बाई. भांडायला न्हाई आलो." मग सरांसमोर उभे राहून म्हणाले, "एकच इचारायचंय. त्यानं तुमाला सांगितलं तवा काय म्हणला? माझं नाव काढलं काय?"

माझ्या हातातला पेन थांबला. दवाखान्यातल्या बाकावर ऐकलेला शब्द न् शब्द मला आठवत होता. आणि ज्या माणसानं जन्मभर पोरांना खरं बोलायला शिकवलं, त्याच्या तोंडाकडे मी बघत होते.

"काढलं हुतं," सर म्हणाले. "म्हणला, सर, माझं धाडस हुईना, तुमीच आबांना सांगा. त्यांना सांगितलं की माझं हे सुटंल. मी सांगतो म्हणालो, आणि सांगितलं न्हाई."

आबांनी हातातली टोपी उलटीपालटी केली.

"म्हंजे माझं पोरगं माझ्याकडंच येत हुतं," ते म्हणाले. "तुमी मधी उभं ऱ्हायलासा."

"व्हय, आबा."

आबांनी टोपी डोक्यावर घातली आणि ते गेले. जाताना त्यांची पाठ मला आल्या वेळेपेक्षा ताठ दिसली, आणि त्याचाच मला संताप आला. ते फाटकाबाहेर पडेपर्यंत मी कशीबशी थांबले. "सर, धादांत खोटं बोललात तुम्ही. का?"

सरांनी यादीचा कागद पुढे ओढला.

"त्यांना अजून जगायचं हाय, बाई. माझ्यावर राग धरून माणूस जगंल. सोतावर धरला तर न्हाई जगायचा."

आबा त्यानंतर नऊ वर्षं जगले. शेवटपर्यंत ते सरांशी एक शब्द बोलले नाहीत.